किसुमूच्या आसपास मे महिन्यात सहा दिवस: यादी ठीक आहे, मुक्काम हलवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. भाऊ केनियात मुहोरोनीजवळच्या साखर कारखान्यात नोकरीला आहे. मुलाच्या मे महिन्याच्या सुट्टीत तुम्ही, आई-बाबा (वय 63 आणि 68) आणि आठ वर्षांचा मुलगा त्याच्याकडे येणार आहात. हाताशी सहा दिवस आहेत. मसाई मारा पुढच्या खेपेला, या वेळी व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचा गावाकडचा भाग बघायचा आणि रोज संध्याकाळी भावाच्या क्वार्टरवर परत यायचं. अकरा ठिकाणांची यादी दिलीत आणि विचारलंत, रोज दोन-दोन धरली तर बसतील ना?

नाही बसणार. पण यादीत चूक नाही, एक-दोन ठिकाणं सोडली तर मीही हीच सुचवली असती. अडचण आहे ती ‘रोज क्वार्टरवर परत’ या अटीत.

मी मूळचा कागल तालुक्यातला. 2009 साली इकडच्या एका कारखान्यात मेकॅनिकलला आलो, नऊ वर्षांनी नोकरी सोडली आणि तेव्हापासून किसुमूत राहून पाहुण्यांना फिरवायचं काम करतो. दोन गाड्या, एक ड्रायव्हर आणि मी. माझ्याकडे येणाऱ्यांत निम्मे तरी तुमच्यासारखे असतात: कुणाचा भाऊ, कुणाचा जावई साखरपट्ट्यात, आणि त्याला सुट्टी फक्त रविवारी. त्यामुळे जे लिहितोय ते याच अनुभवातून.

आधी नकाशा. एक तळहात समोर धरा, तर्जनी आणि अंगठा ताणून बाजूला करा. मधली मोकळी जागा म्हणजे विनाम आखात, सरोवराचा पूर्वेकडे घुसलेला उथळ फाटा. बेचक्यात किसुमू शहर. तर्जनी हा उत्तर किनारा: किट-मिकाई, बोंडो, कोगेलो. अंगठा हा दक्षिण किनारा: केंडू बे, होमा बे, आणि टोकाला म्बिता, तिथून पुढे रुसिंगा बेट. अख्खं सरोवर सुमारे 68,800 चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या एक पंचमांशाहून मोठं, पण केनियाच्या वाट्याला त्यातलं जेमतेम सहा टक्के आलंय. नकाशात हा कोपरा एवढासा दिसतो आणि लोक फसतात. तर्जनीच्या टोकावरून अंगठ्याच्या टोकावर जायचं तर एक तर लुआंडा कोटिएनोहून म्बिताला जाणारी फेरीबोट पकडा, नाहीतर बेचक्यापर्यंत उलटे या आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा पश्चिमेला जा.

आणि मुहोरोनी बेचक्याच्याही मागे आहे, मनगटापाशी म्हणा. किसुमूपासून साधारण पन्नास किलोमीटर पूर्वेला. म्हणजे कुठंही जायचं म्हटलं की सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास नुसता मनगटावरून बोटांपर्यंत जाण्या-येण्यात जाणार. सहा दिवसांचे बारा तास झाले. विषुववृत्तावर बाराही महिने साडेसहाच्या आसपास उजाडतं आणि पावणेसातला मावळतं. तेव्हा या हिशेबात तुमचा एक अख्खा दिवस उजेड खर्च होतो, तोही उसाच्या ट्रॅक्टरमागून रांगत.

अंधारात गाडी चालवू म्हणाल तर मी तरी चालवत नाही. गावं आली की रस्त्यावर लागोपाठ गतिरोधक, त्यातले अर्धे न रंगवलेले. उसाच्या ट्रॉलीला मागे दिवा नाही, हे कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. इथे शंभर किलोमीटरला दोन तास धरायचे, पाऊस असेल तर अडीच.

दुसरी गोष्ट हवेची, आणि माझ्या मते सरोवराकाठच्या फिरण्याचं अर्धं शहाणपण इथंच आहे. सकाळी पाणी शांत असतं. दुपारपर्यंत जमीन तापते, मग सरोवरावरून वारा आत वाहू लागतो. हा वारा आखातातून थेट किसुमूच्या दिशेनं येतो आणि लाटा उठवतो. पुढे तोच ओलावा नंदी आणि केरिचोच्या डोंगरांना जाऊन भिडतो, ढग उभे राहतात, आणि चार-पाचच्या सुमाराला विजांसकट कोसळतो. मार्च ते मे हा इथला मोठा पावसाळा, त्यात तर हे जवळजवळ रोजचं. म्हणून माझा नियम: होडीचं जे काही असेल ते सकाळी दहाच्या आत उरकायचं, दुपार जमिनीवर काढायची.

वारा आणखी एक गोष्ट घेऊन येतो, ती म्हणजे जलपर्णी. पुण्यात मुळा-मुठेवर तुम्ही पाहिलेली असेल, तीच. इथं ती नव्वदच्या दशकापासून ठाण मांडून आहे आणि आखातात तर तिचं राज्यच आहे. फरक इतकाच की इथं ती एका जागी राहत नाही. एकरच्या एकर हिरवी चटई वाऱ्याबरोबर सरकत असते. सकाळी समोर मोकळं पाणी, दुपारी तिथं गाय चरायला सोडावी असं दिसतं.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. धंद्याच्या पहिल्या वर्षी माझी आत्या आणि तिच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांना दोन वाजता होडीत बसवलं, तासाभरात परत येऊ म्हणून. परत येताना धक्का दिसत होता, पण तिथं पोचता येईना. जलपर्णीनं तोंड बंद केलं होतं, इंजिनाच्या पंख्यात मुळं गुंडाळली. नावाड्यानं इंजिन वर घेतलं, सुरीनं मुळं कापली, दहा हात पुढे गेला, पुन्हा तेच. अडीच तास गेले. वर ढग भरून आलेले. आत्या पर्समधल्या राजगिऱ्याच्या वड्या नावाड्याला भरवत होती आणि त्याला मुलं किती हे बोटांवर विचारत होती. मला मात्र घाम फुटला होता, कारण होडीत पाच माणसं होती आणि लाइफ जॅकेटं तीन. त्या दिवसानंतर आधी जॅकेटं मोजतो, मग माणसं. तुम्हीही मोजा. मुलाच्या मापाचं जॅकेट बहुतेक नसतंच, ते भारतातून घेऊन या.

इथवरचा हिशेब असा: उजेडाचे तास बारा, पाण्यावर जायचं ते सकाळी, संध्याकाळी पाऊस, आणि मुहोरोनीहून पहाटे डुंगाला, म्हणजे किसुमूजवळच्या कोळीवस्तीत, पोचायचं तर अंधारात निघावं लागतं. या चारही गोष्टींची गाठ सोडवायची तर मुक्काम हलवावा लागतो. सहापैकी दोन रात्री किसुमूत, एक किंवा दोन रात्री होमा बे नाहीतर म्बितात, उरलेल्या भावाकडे. भाऊ नाराज होईल, तर तो रविवार त्याला सोबत घ्या.

आता एकेक दिशा.

किसुमूतला पहिला दिवस डुंगाला द्या. शहरापासून अगदी जवळ असलेली कोळ्यांची वस्ती आहे. सूर्य उगवता उगवता पोचलात तर रात्रभर बाहेर असलेल्या होड्या परतताना दिसतात. काठावर बायका पाट्या घेऊन उभ्या असतात, भाव ठरतो, मासळी हातोहात जाते. तिथूनच होडी ठरवा आणि नावाड्याला सांगा, पाणघोड्यांपासून लांब ठेव, पपायरसच्या कडेकडेनं ने. पपायरस म्हणजे लव्हाळ्याच्या कुळातलं माणसापेक्षा उंच गवत, डोक्यावर हिरवा झुबका. याच्या दाटीत राहणारे काही पक्षी दुसरीकडे सहसा दिसतच नाहीत. पपायरस गोनोलेक नावाचा लाल पोटाचा, पिवळ्या डोक्याचा पक्षी दिसला तर दिवस सार्थकी लागला समजा, पण तो आधी ऐकू येतो आणि दिसतो क्वचित. पाणघोडे दिसतात बऱ्याचदा, नुसते कान आणि नाकपुड्या. बाबांना सांगा, संध्याकाळी काठावर शतपावली नाही. पाणघोडा चरायला जमिनीवर येतो तो अंधार पडला की, आणि त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभं राहणं अंगाशी येतं.

मुलाला पाण्यात पाय सोडावेसे वाटतील. सोडू देऊ नका. काठच्या उथळ पाण्यात गोगलगायी असतात आणि त्यांच्यामार्फत बिल्हार्झिया नावाच्या आजाराचे जंतू कातडीतून आत शिरतात. खरचटलेलं असायला लागत नाही, नुसतं पाण्यात उभं राहिलं तरी पुरतं. गावातली मुलं डुंबताना दिसतील आणि तो हट्ट धरेल, तेव्हा आधीच समजावून ठेवा.

दुपारी किसुमूचं संग्रहालय बघा. छोटं आहे, पण आवारात लुओ लोकांचं, म्हणजे या भागातल्या मुख्य जमातीचं, पारंपरिक घरकुल बांधून ठेवलंय: थोरल्या बायकोची झोपडी कुठं, धाकटीची कुठं, मुलांच्या झोपड्या फाटकाशी, गुरांचा गोठा मध्ये. हे डोळ्यांखालून गेलं की दुसऱ्या दिवशी गावांतून जाताना दिसणारी घरं कळायला लागतात. मुलासाठी सापही आहेत.

दुसरा दिवस उत्तर किनारा. किसुमूहून बोंडोच्या रस्त्यानं तासाभराच्या आत किट-मिकाई लागतं. एकावर एक रचल्यासारख्या प्रचंड ग्रॅनाइटच्या शिळा आहेत. आपल्याकडे काळा बसाल्ट, असं दृश्य आपण हंपीला बघतो. लुओ भाषेत ‘किट’ म्हणजे दगड आणि ‘मिकाई’ म्हणजे पहिली बायको. मराठीत सरळ ‘थोरलीचा दगड’ म्हणावं. गोष्ट अशी सांगतात की न्गेसो नावाच्या म्हाताऱ्याला या दगडांचा असा लळा लागला की तो दिवसभर कपारीतच बसून राही, जेवणही तिथंच मागवी. नवरा कुठं आहे असं कुणी विचारलं की बायको म्हणे, गेलाय त्याच्या थोरलीकडे. आजही लोक तिथं प्रार्थनेला, उपवासाला येतात, लेगिओ मारिया या इथल्या ख्रिस्ती पंथाचे भाविक तर पांढऱ्या-रंगीत झग्यांत कपारींत बसलेले असतात. चालू प्रार्थनेचा फोटो काढू नका. वर चढायला वाटाड्या मिळतो. पाऊस पडून गेला असेल तर आई-बाबांनी खालीच थांबावं, शिळा निसरड्या होतात. खालून बघण्यातही काही कमी नाही.

पुढे कोगेलो, ओबामांच्या वडिलांचं गाव. यादीत तुम्ही त्याला पहिला नंबर दिलाय. माझं मत विचाराल तर सोडा. ओबामांच्या सावत्र आजी सारा ओबामा, ज्यांना सगळं गाव आजी म्हणायचं, 2021 मध्ये गेल्या. तेव्हापासून तिथं बघायचं म्हणजे घर आणि कबरी. बाबांना जायचंच असेल तर किट-मिकाईहून जाऊन येता येतं, पण दुपार जाते. त्यापेक्षा परतीला मासेनोवरून या, तिथं विषुववृत्ताची पाटी आहे. एक पाय उत्तर गोलार्धात आणि एक दक्षिणेत ठेवून फोटो काढायला पाच मिनिटं लागतात आणि आठ वर्षांच्या मुलाला शाळेत सांगायला तेच पुरतं. त्या संध्याकाळी मुहोरोनीला भावाकडे जा.

काकामेगाचं जंगल तुमच्या यादीत आहे. केनियात उरलेला हा विषुववृत्तीय वर्षावनाचा तुकडा मला फार आवडतो. काळी-पांढरी कोलोबस माकडं, मोठा निळा तुराको पक्षी, आणि झाडं अशी की मान दुखते. किसुमूच्या उत्तरेला, सव्वा तासाचा रस्ता. पण ते पायी फिरायचं जंगल आहे आणि मे महिन्यात पायवाटेचा चिखल होतो. बाबांचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. ठणठणीत असतील आणि घरात कुणी पक्षीवेडा असेल तर दुसऱ्या दिवसाच्या जागी हे घाला. नसतील तर राहू द्या.

तिसरा दिवस विश्रांतीचा, भावासोबत. आसपास ऊसच ऊस. केनियातला पहिला साखर कारखाना 1922 मध्ये इथंच जवळ मिवानीला निघाला. ‘मिवा’ म्हणजे स्वाहिलीत ऊस. हवं तर केरिचोला जाऊन या, चहाचे मळे बघा. तिथं मोठा गुरुद्वारा आहे, लंगरमध्ये गरम डाळ-रोटी मिळते, आई-बाबा खूश होतील. 1896 ला मोंबासाहून निघालेली रेल्वे 1901 मध्ये किसुमूला, म्हणजे तेव्हाच्या पोर्ट फ्लोरेन्सला, पोचली. ती बांधायला भारतातून तीस हजारांवर मजूर आणले होते आणि त्यांतले सुमारे अडीच हजार इथंच मेले. त्यांच्यामागून दुकानदार आले, मग देवळं, गुरुद्वारे, मशिदी. किसुमूच्या बाजारात गुजराती ऐकू आली तर दचकू नका.

आता दक्षिण किनारा, ज्यासाठी खरं तर इथं यावं.

मुहोरोनीहून हा तुम्हाला किसुमूपेक्षा सोयीचा आहे. आहेरोला वळायचं, शहरात शिरायची गरजच नाही. आहेरोची भातखाचरं बघून आई-बाबांना घरची आठवण येईल. मे महिन्यात मात्र निघण्याआधी भावाच्या ड्रायव्हरला विचारा, न्यांडो नदी फुगली की हा सगळा कानोचा सपाट पट्टा पाण्याखाली जातो. सरोवराची पातळीही 2020 आणि 2024 मध्ये इतकी वाढली की काठची घरं, हॉटेलं, धक्के बुडाले. म्हणून जुन्या फोटोंतली एखादी जागा समोर तशीच दिसेल असं धरू नका.

केंडू बेजवळ सिंबी न्याइमा हे तळं आहे. तुमच्या यादीत हे नाही, आणि मी तर सगळ्यांत आधी इथं थांबेन. जवळजवळ गोल आहे, ज्वालामुखीच्या स्फोटानं पडलेल्या खड्ड्यातलं. नदी येऊन मिळत नाही, पाणी वाहून जात नाही. खारं, हिरवट पाणी. सरोवर हाकेच्या अंतरावर, आणि त्याचा याच्याशी काही संबंध नाही! ‘न्याइमा’ म्हणजे बुडालेलं. सांगतात की सिंबी नावाच्या गावात एकदा रात्री नाच-दारू चालू होती. पावसानं भिजलेली एक म्हातारी आली आणि आसरा मागू लागली. सगळ्यांनी तिला हाकललं, एका बाईनं तेवढं घरात घेतलं. म्हातारी तिला म्हणाली, नवऱ्याला घे आणि आत्ताच्या आत्ता गाव सोड. नवऱ्यानं ऐकलं नाही. मग पाऊस आला आणि गाव नाचता-नाचता खाली गेलं. काठावर उभा राहून माझा ड्रायव्हर ही गोष्ट सांगतो तेव्हा आवाज खाली आणतो, मी अजून त्याला त्याबद्दल हसलेलो नाही. रोहित पक्षी येतात, पण त्यांचं वेळापत्रक कुणाला कळलेलं नाही. कधी हजारो, कधी एकही नाही. पूर्ण फेरी मारायची गरज नाही, काठावर अर्धा तास बसलात तरी खूप.

मुक्काम होमा बे किंवा म्बिता. मुलाचा विचार केला तर म्बिता. पूल ओलांडला की रुसिंगा बेट, गाडीनंच सगळं फिरता येतं. इथं दोन गोष्टी. एक, टॉम म्बोया यांची समाधी. कामगार पुढारी, स्वतंत्र केनियाचे मंत्री, पुढचे राष्ट्राध्यक्ष होतील असं लोक म्हणायचे. 5 जुलै 1969 ला नैरोबीत भर रस्त्यात त्यांना गोळी घातली, वय अवघं 38. समाधीची इमारत बंदुकीच्या गोळीच्या आकाराची बांधली आहे. दुसरी, 1948 मध्ये पुरातत्त्वज्ञ मेरी लीकी यांना या बेटावर प्रोकॉन्सुलची कवटी सापडली, सुमारे 1 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीच्या वानराची. कवटी इथं बघायला मिळत नाही, नुसते डोंगरउतार दिसतात, पण मुलाला आधी सांगून ठेवलंत तर तो खाली बघत चालतो, आणि मोठ्यांना निवांत गप्पा मारता येतात.

रुसिंगाच्या किनाऱ्यावर जाळ्यांवर पसरलेली चांदीसारखी बारीक मासळी म्हणजे ओमेना. वास ओळखीचा वाटेल, आपल्या सुकटीच्या बाजारातलाच. ती रात्री दिवे लावून पकडतात, आणि काळोख्या रात्री सरोवरावर दिव्यांचं गाव वसल्यासारखं दिसतं. पौर्णिमेच्या आसपास दिवे निघत नाहीत, चांदण्यात मासळी दिव्याकडे येत नाही म्हणून. मी पाहुण्यांना कालनिर्णय बघून अमावास्येच्या आठवड्यात बोलावतो ते यासाठी. तुमचं दुर्दैव असं की एप्रिल ते जुलै ओमेनाला बंदी असते, कोकणात पावसाळ्यात असते तशी. तेव्हा मे महिन्यात हा देखावा नाही. कुणी दाखवतो म्हणालाच तर तो बंदी मोडणाऱ्यांकडे नेतोय.

म्फांगानो बेट एका दिवसात करू नका. म्बिताहून होडीनं दीड तास, मग चढण, मग जुन्या त्वा लोकांनी रंगवलेली वर्तुळं असलेली कपार. सुंदर आहे, पण परतीचा प्रवास नेमका दुपारच्या वाऱ्यात येतो. आई-बाबांना घेऊन मी हे करणार नाही.

राहिलं रुमा आणि थिमलिच ओहिंगा. दोन्ही एका दिवसात बसत नाहीत, एक निवडा.

रुमा राष्ट्रीय उद्यान लाम्ब्वे खोऱ्यात, 120 चौरस किलोमीटर. सिंह नाहीत, हत्ती नाहीत, हे मुलाला आधीच सांगा. जिराफ, गेंडे, आणि केनियात आता फक्त इथंच उरलेलं रोन हरीण. पर्यटक जवळपास नाहीत, तीच त्याची मजा. पण खोऱ्याची माती काळी, आपल्या काळ्या रानासारखीच. मे महिन्यात तिच्यात साधी गाडी घातली तर ट्रॅक्टर शोधत बसाल. फोर-व्हील गाडी असेल आणि आधीचे दोन दिवस उघडीप असेल तरच. इथं त्सेत्से माशी आहे, चावते चांगलीच. तिला निळा आणि काळा रंग खेचून घेतो, म्हणून तर झाडांना निळ्या-काळ्या कापडाचे सापळे टांगलेले दिसतात. त्या दिवशी जीन्स नको, खाकी किंवा फिकट कपडे घाला. उद्यानाचं शुल्क परदेशी पाहुण्यांना डॉलरमध्ये आणि ऑनलाइनच भरावं लागतं. भावाला तिथला रहिवासी म्हणून कमी दर लागेल, तुम्हाला नाही.

थिमलिच ओहिंगा म्हणजे चुना-माती न वापरता नुसता दगडावर दगड बसवून रचलेल्या भिंती. कोकणातला गडगा आठवा, फक्त जागोजागी माणसाच्या दुप्पट उंचीचा आणि मीटरभर जाड. आत वस्ती आणि गुरांचे वाडे होते. सोळाव्या शतकापासूनचं बांधकाम, 2018 पासून जागतिक वारसा. दारं मुद्दाम ठेंगणी ठेवलीत, वाकूनच आत शिरावं लागतं, म्हणजे शत्रूचं डोकं आधी आत येतं. गड-किल्ले फिरलेल्या माणसाला तिथं काय बघायचं हे शिकवावं लागत नाही. माझे कोल्हापूरचे पाहुणे तिथं तास-तास रेंगाळतात, दगड कसा बसवलाय त्यावर वाद घालतात. तुमच्या बाबांची ट्रेकिंगची हौस तुम्ही ओघात लिहिलीत, म्हणून मे महिन्यात मी रुमा सोडून हेच धरेन. होमा बेहून पावणेदोन-दोन तास, शेवटचा रस्ता खराब.

शाकाहारी जेवणाची तुम्ही फार काळजी केलीत. गावागावात ‘होटेली’ असते, आपल्याकडच्या एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलासारखी. तिथं ‘चपाती-न्देंगू’ मागा. चपाती म्हणजे चपातीच, जरा जाड आणि तेलकट, आणि न्देंगू म्हणजे मुगाची उसळ. सुकुमा विकी ही पालेभाजी, उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. मासे खाणार असाल तर न्गेगे, म्हणजे टिलापिया, अख्खी तळून मागवा. आपण मासा बोट दाखवून निवडायचा, मग तो तळतात, तेव्हा ऑर्डर देऊन पाऊण तास धरा. पैसे सगळीकडे मोबाइलवरून, एम-पेसानं. भावाच्या फोनवर शिल्लक ठेवा किंवा सुट्ट्या नोटा बाळगा.

तब्येतीचं डॉक्टरांशी बोला, पण दोन गोष्टी आत्ताच. सरोवराकाठी मलेरिया भरपूर आहे, प्रतिबंधक गोळ्या घेऊनच या. आणि केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, नाहीतर विमानतळावर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. साठीनंतर ती पहिल्यांदा घेताना दुष्परिणामांचा धोका जरा जास्त असतो. तेव्हा आई-बाबांसाठी तिकिटं काढण्याआधी डॉक्टरांना भेटा, नंतर नको.

शुक्रवार-शनिवारी दक्षिणेचा प्रवास शक्यतो टाळा. लुओ लोकांचे अंत्यविधी बहुतेक याच दोन दिवशी असतात. रस्त्यानं मिरवणुका, मोठे मंडप, शेकडो माणसं. समोर आली तर हॉर्न न वाजवता गाडी बाजूला घ्यायची आणि थांबायचं.

शेवटचं, होडी ठरवताना. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. आठ म्हणजे ‘सा म्बिली’, दुसरा. नावाडी इंग्रजीत बोलत असला तरी डोक्यात बऱ्याचदा हेच घड्याळ असतं, त्यामुळे तो ‘वन’ म्हणाला तर दुपारचा एक समजू नका. मी आकडा बोलतच नाही, पूर्वेकडे बोट करून सूर्य कुठवर आला असेल ते दाखवतो.

तारखा पक्क्या झाल्या आणि बाबांच्या गुडघ्यांचं कळलं की लिहा, मग चौथ्या-पाचव्या दिवसाचं नक्की करू.